घरची डागडुजी : पाण्याखालचा दिवा गेला तर



मेमोरियल डेचा शनिवार-रविवार आला की झाकणे निघतात, हिरवे पाणी निळे होते आणि आमचा फोन वाजू लागतो. यंदा एकाच प्रश्नाने जोर धरला आहे : "पूलमधला लाइट लागत नाही. दुकानात बल्ब मिळतो म्हणतात. मी स्वतः बदलला तर चालेल का?" मराठीत पूल म्हटला की खालून नदी वाहायला हवी, म्हणून आम्ही आपला तलावच म्हणतो. पुण्याच्या टिळक टँकवर किंवा शिवाजी पार्कच्या तलावात ज्यांनी डबा बांधून हातपाय मारले त्यांना हा शब्द परका वाटणार नाही.

उत्तर आधी देऊन टाकतो. बल्ब बदलणे हे एका स्क्रूचे काम आहे आणि ज्याला पेचकस धरता येतो त्याला ते जमेल. अवघड गोष्टी दोनच. वीज खरोखर बंद झाली आहे याची खात्री कशी करायची, आणि बिघाड नुसत्या बल्बाचा आहे की त्याहून मोठा हे कसे ओळखायचे. या दोन ठिकाणी चूक झाली तर ती सुधारायला दुसरी संधी मिळत नाही. म्हणून या वेळचा लेख बराचसा त्यांवरच आहे. बाकीचे भरभर सांगू.

दिवा गेला तर जाऊ दे, उन्हाळा तर असाच जाईल, असे म्हणणारेही भेटतात. त्यांना एवढेच सांगणे की मग अंधार पडल्यावर कोणीही पाण्यात उतरायचे नाही हा नियम घरात करा आणि तो पाळा. ग्रॅज्युएशनच्या पार्टीला पंधरा-वीस मुले, आई-वडील बटाटेवड्यांच्या रांगेत, आणि तळाशी गेलेले मूल काळ्या पाण्यात काठावरून दिसत नाही. बुडणारे मूल सिनेमातल्यासारखे हात हलवून ओरडत नाही, बहुधा गुपचूप खाली जाते. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूंत बुडून होणारे मृत्यू पहिल्या क्रमांकावर आहेत. तो दिवा शोभेचा नाही.

आता त्याची रचना. आपल्याकडे जुन्या वाड्यांत भिंतीत कोनाडा असे आणि संध्याकाळी त्यात पणती ठेवत. इथेही तसाच कोनाडा आहे, फक्त तो पाण्याखाली आहे. भिंतीत धातूचे किंवा प्लॅस्टिकचे एक खोल भांडे बसवलेले असते आणि त्यात दिवा एका स्क्रूने अडकवलेला असतो. पुष्कळांना वाटते की दिव्याच्या मागे कोरडी जागा असेल. तसे नाही. कोनाडा पाण्याने भरलेलाच असतो, आणि ते पाणीच दिव्याला थंड ठेवते. कोरडा असतो तो फक्त काचेच्या आतला भाग, आणि तो कोरडा राहतो एका रबरी गॅस्केटच्या जोरावर. दिव्याची जाड वायर कोनाड्यात दिव्याभोवती वेटोळे करून ठेवलेली असते, ती तेवढ्यासाठीच, की दिवा काढून काठावर आणता यावा. म्हणजे बल्ब बदलायला तलाव रिकामा करायची अजिबात गरज नाही. उलट रिकामा करूच नका. जमिनीत पाणी असेल, विशेषतः आठवडाभर पाऊस झाला असेल, तर रिकामा तलाव खालच्या दाबाने होडीसारखा वर उचलला जातो आणि तडकतो. बल्बापायी तलाव घालवायचा नाही.

दिवे दोन जातींचे : १२० व्होल्टचे आणि १२ व्होल्टचे. १२ वाल्याला घराच्या भिंतीवर किंवा पंपाजवळ एक ट्रान्सफॉर्मर असतो. जुने पिवळ्या प्रकाशाचे दिवे बहुधा ३०० ते ५०० वॉटचे. आपला कोणता हे अंदाजाने ठरवू नका. ट्रान्सफॉर्मरवरची, दिव्याच्या पाठीवरची आणि जुन्या बल्बावरची अक्षरे वाचा. १२ व्होल्टचा बल्ब १२० वर लावला तर तो तिथल्या तिथे फुटेल. आणि "आमचा बारा व्होल्टचाच आहे, त्याला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे १२०च असतात. तो ट्रान्सफॉर्मरही तलावासाठी म्हणून प्रमाणित केलेलाच हवा. बागेतल्या दिव्यांचा किंवा दारावरच्या घंटीचा चालत नाही.

आता खरा मुद्दा. दिवा लागत नाही म्हणजे बल्बच गेला असे नाही. आधी ब्रेकर पाहा. मग जी.एफ.सी.आय. पाहा. ही 'टेस्ट' आणि 'रिसेट' अशी दोन बटणे असलेली चीज कधी भिंतीवरच्या सॉकेटमध्ये असते, कधी ब्रेकरमध्येच. ती पडलेली असेल तर एकदा 'रिसेट' दाबा. टिकली तर ठीक. पुन्हा पडली तर तिथेच थांबा. बल्ब नुसता जळला तर ही चीज सहसा पडत नाही. ती पुन्हा पुन्हा पडते याचा अर्थ वीज कुठेतरी भलत्या वाटेने जाते आहे, बहुधा दिव्यात पाणी शिरले आहे किंवा वायरचे कवच गेले आहे. काचेच्या आत पाण्याची रेघ दिसत असेल, काच आतून धुरकट झाली असेल, तर निदान जवळपास झालेच. अशा वेळी दहादा 'रिसेट' दाबणे, किंवा "ही सारखी पडते, कटकट नको" म्हणून तिच्या जागी साधे सॉकेट लावणे, याला आम्ही आत्मघात म्हणतो. दुसरा शब्द आमच्याकडे नाही.

या चिजेविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्यापैकी अनेकांना ब्रेकर असताना ती कशाला हेच उमगत नाही. ब्रेकर वायरला वाचवतो, माणसाला नव्हे. १५ अँपियरचा ब्रेकर १५ अँपियरपर्यंत मुकाट बसून राहतो, आणि माणसाचे हृदय थांबायला त्याच्या दीडशेव्या हिश्श्याचा प्रवाहही पुरतो. जी.एफ.सी.आय. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहाचा हिशेब ठेवते. गेला तेवढा परत आला नाही, सुमारे ५ मिलिअँपियरचा फरक पडला, की क्षणार्धात वीज तोडते. हे ५ मिलिअँपियर म्हणजे त्या १५ अँपियरचा तीनहजारावा भाग. भारतात घराघरांतून अशाच कामाची जी यंत्रे असतात ती सहसा ३० मिलिअँपियरवर तोडतात, इथली त्याहून बरीच हळवी. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी ती १९६१ मध्ये शोधली, आणि अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९६८ मध्ये ती पाण्याखालच्या दिव्यांसाठी सक्तीची केली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराचा नंबर पुढे कित्येक वर्षांनी लागला. यावरून तलावातल्या दिव्याचा धोका किती मानतात ते कळावे. मात्र त्याआधी बांधलेले तलाव अजून आहेत, आणि नंतरच्याही काही ठिकाणी मधल्या कुणा मालकाने ती काढून टाकलेली असते. तुमच्या १२० व्होल्टच्या दिव्याला ती कुठेच सापडत नसेल तर बल्ब राहू द्या, आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

समजा, बल्बच गेला आहे अशी खात्री झाली. आता वीज बंद करायची. दिव्याचा स्विच बंद करून भागत नाही. स्विच टायमरवर असू शकतो, रिमोटवर असू शकतो, आणि घरात "बाबा, लाइट लावू का" म्हणून बटण दाबणारी मंडळी असतातच. ब्रेकर बंद करायचा, त्यावर चिकटपट्टी लावायची आणि पॅनेलवर कागद डकवायचा. मराठीत लिहिलात तर इंग्रजीतही लिहा, मुलांसाठी.

आणि इथेच सगळ्यात फसवी गोष्ट आहे. घरातला एखादा दिवा दुरुस्त करताना आपण काय करतो? दिवा लावून ठेवतो, एकेक ब्रेकर पाडतो, दिवा विझला की हाच तो ब्रेकर. इथे दिवा आधीच मेलेला आहे. तुम्ही कोणताही ब्रेकर पाडा, तो विझलेलाच दिसणार! विझलेला दिवा वीज नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. पॅनेलवर 'पूल लाइट' असे पेन्सिलीने लिहिलेले असेल, पण ते कोणी, कधी, किती बिअर पिऊन लिहिले हे आपल्याला ठाऊक नसते. त्या चिठ्ठीवर जीव टाकू नका.

मीटर वापरता येणाऱ्यांनी मीटरने बघावे, आणि तो मीटर चालू असलेल्या सॉकेटवर आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासून घ्यावा, नाहीतर मेलेली बॅटरीही 'वीज नाही' असेच दाखवते. ज्यांना मीटरची सवय नाही त्यांना आमचा सल्ला साधा आहे : भर दुपारी घराचा मेन ब्रेकरच पाडा. सगळे घर बंद झाले हे डोळ्यांना दिसते. मग तलावाच्या पंपाचे बटण दाबून पाहा, तोही सुरू होता कामा नये. फ्रीजला तासाभरात काही होत नाही, श्रीखंड शाबूत राहते. फक्त आजकाल अनेकांकडे आपोआप सुरू होणारा जनरेटर किंवा सौर पॅनेलची बॅटरी असते. मेन पाडल्याबरोबर ती घर उजळवायला धावून येईल. ती आधी बंद करा. दुसरा मीटर किंवा दुसरे पॅनेल असेल तर त्याचाही विचार करा.

भारतातून येताना हत्यारांच्या पिशवीतून आणलेल्या दोन गोष्टींची इथे ताटातूट करायला हवी. एक, तो आपला निऑनचा टेस्टर, पेचकसासारखा, खिशात अडकवायचा. २३० व्होल्टवर तो छान पेटतो. इथल्या १२० वर तो मंद दिसतो, उन्हात तर दिसतच नाही. १२ व्होल्टवर तो मुळीच पेटत नाही, म्हणून "टेस्टर लागला नाही, वीज नाही" हा निष्कर्ष चुकीचा. शिवाय तो पेटतो तेव्हा प्रवाहाची वाट आपल्याच अंगातून जाते. ओल्या काठावर, ओल्या पायांनी हा खेळ नको. दुसरी गोष्ट रंगांची. जुन्या सवयीने आपल्या डोक्यात लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा म्हणजे अर्थ. इथे काळा म्हणजेच जिवंत वायर! न्यूट्रल पांढरा, अर्थ हिरवा किंवा उघडा तांब्याचा. तीस वर्षे इथे राहिलेल्या माणसाचाही हात घाईत काळ्या वायरकडे निर्धास्त जातो. बल्ब बदलताना वायरींशी संबंध यायला नकोच, पण जंक्शन बॉक्स उघडायची हौस असणाऱ्यांसाठी हे सांगून ठेवतो.

पुढचे काम सोपे. पायांत रबरी तळाचे बूट, एक मोठा टॉवेल, सोबत एक माणूस. दिव्याच्या वरच्या कडेला, घड्याळात बारा वाजतात तिथे, एक स्क्रू दिसेल. काठावर पालथे पडा, हात पाण्यात घाला आणि तो सोडवा. पाण्यात उतरायची गरज नाही. दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरा, कारण तो स्क्रू तळाशी गेला की आपल्या जोडीदाराला बुड्या माराव्या लागतात. स्क्रू हरवला तर दुकानातला कुठलाही सारख्या मापाचा लावू नका. काही बनावटींत दिव्याचा धातू आणि कोनाड्याचा धातू विजेच्या दृष्टीने जोडला जातो तो याच स्क्रूतून. कंपनीचा, त्याच दिव्याचा हवा.

दिवा वरून पुढे ओढा, खालच्या खाचेतून सुटेल. वायरचे वेटोळे उलगडत तो काठावर आणा आणि टॉवेलवर ठेवा. वायर पुरत नसेल तर हिसका देऊ नका. मागच्या मालकाच्या कारागिराने ती आखूड कापलेली असू शकते, आणि असे असेल तर काम तिथेच थांबवून जाणकाराला बोलवा. काठावर ती पूर्ण पुसून मगच काच उघडा, नाहीतर तलावाचेच पाणी तुम्ही आत घालाल.

काच उघडल्यावर बल्ब काढण्यापूर्वी आत डोकावून बघा. कोरडे, स्वच्छ असेल तर उत्तम. गंज, हिरवट डाग, जळका होल्डर, तळाशी चमचाभर पाणी, यांपैकी काहीही दिसले तर नवा बल्ब लावून उपयोग नाही. तो संपूर्ण दिवा वायरसकट बदलावा लागतो. नवी वायर भिंतीतल्या नळीतून काठापलीकडच्या जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड ओढायची असते, मध्ये कुठेही सांधा चालत नाही. कोनाड्यात टेप गुंडाळून जोड देणे हा प्रकार आम्ही एका घरी पाहिला आहे, आणि त्या घरात कोणाला काही झाले नाही हे केवळ नशीब. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे. किती काम घरमालकाने स्वतः करावे याचे नियम राज्याराज्यांत आणि गावागावांत वेगळे आहेत. टाउनशिपच्या कचेरीत एक फोन करून विचारावे.

कोरडे असेल तर बल्ब बदला. व्होल्ट तेच, आणि वॉट दिव्यावर लिहिलेल्या आकड्याहून जास्त नकोत. "जरा जास्त उजेड पडेल" म्हणून ३००च्या जागी ५०० लावला तर उष्णतेने गॅस्केट आणि काच दोन्ही जातात. हॅलोजन असेल तर फडक्याने धरा, बोटाच्या तेलाने तो लवकर फुटतो. नवा बल्ब बसवण्यापूर्वी मीटरच्या ओहमवर तपासता येतो. काठावर क्षणभर दिवा पेटवून बघणारे कारागीर असतात, पण आम्ही ते घरच्यांना सांगणार नाही. हे जुने दिवे पाण्याबाहेर काही सेकंदांतच भयंकर तापतात, आणि त्यासाठी वीज मध्येच चालू करायची म्हणजे आत्तापर्यंतची सगळी खबरदारी पाण्यात.

एल.ई.डी. लावावा का, हा प्रश्न येणारच. लावा. त्याच होल्डरमध्ये बसणारे मिळतात, फक्त व्होल्ट जुळायला हवेत आणि तुमच्या बनावटीच्या दिव्यासाठी तो प्रमाणित हवा. हिशेब बघा : ५०० वॉटचा दिवा रोज ४ तास लावला तर महिन्याला ६० युनिटे, ४० वॉटचा एल.ई.डी. लावला तर पाचच्या आत. आपल्या वाचकांना याहून जास्त पटवायची गरज नसावी.

गॅस्केट मात्र दर वेळी नवे. जुने "बरे दिसते" म्हणून परत लावायचे नाही. दाबून चपटे झालेले रबर दुसऱ्यांदा पाणी अडवत नाही. दोन-चार डॉलर वाचवायची ही जागा नव्हे. काचेच्या कड्याचे स्क्रू मोटारीच्या चाकाच्या नटांसारखे समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. मग वीज बंद असतानाच दिवा काही मिनिटे पाण्यात बुडवून धरा आणि बुडबुडे येतात का बघा. कडेला अडकलेली हवा आधी थोडी सुटेल, ती थांबायला हवी. बारीक बुडबुड्यांची माळ सतत येत राहिली तर परत उघडा, पुसा, गॅस्केट नीट बसवा. नाही आले तर वायर पूर्वीसारखी गुंडाळून दिवा कोनाड्यात बसवा आणि तोच स्क्रू लावा.

ब्रेकर चालू करताना पाण्यात कोणी नको, पाण्यात हातही नको. दिवा लागला की टाळ्या वाजवण्यापूर्वी 'टेस्ट' बटण दाबा. दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर ती चीज निकामी आहे आणि ती बदलेपर्यंत तलाव बंद. विझला तर 'रिसेट' दाबा आणि मुलांना हाक मारा. हे बटण महिन्यातून एकदा दाबावे, महिन्याच्या पहिल्या तारखेला दाबले तर लक्षात राहते. पंपाजवळ, शिडीजवळ दिसणारी जाड उघडी तांब्याची तार कोणी "कशाचीच नाही" म्हणून कापू नये. तलावाभोवतीचे सगळे धातू ती एकमेकांना बांधून ठेवते, म्हणजे दोन ठिकाणी हात लावला तरी त्यांत विजेचा फरक राहत नाही.

शेवटी एक गोष्ट, बल्ब बदला न बदला, घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवण्यासारखी. पाण्यात अंगाला मुंग्या आल्यासारखे वाटले, किंवा कडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर ती गंमत नाही. दिव्यापासून लांब व्हायचे आणि धातूच्या शिडीला न धरता काठाने बाहेर पडायचे. पाण्यात कोणी ताठ झाला, हलेनासा झाला, तर त्याच्यामागे उडी मारायची नाही. आईबापांना हे अशक्य वाटेल, पण उडी मारणारा दुसरा बळी ठरतो. आधी वीज तोडा, ९११ ला फोन करा, आणि फायबरग्लासची काठी किंवा फेकायचे कडे वापरून ओढा. आपल्याकडची काठी अ‍ॅल्युमिनियमची आहे का, आत्ताच जाऊन बघा. असेल तर ती जाळी लावायला ठेवा आणि आकड्याची दुसरी आणा. मेन ब्रेकर कुठे आहे हे भारतातून सुट्टीला आलेल्या आजी-आजोबांनाही दाखवून ठेवा. दुपारी नातवंडांबरोबर काठावर बसलेले तेच असतात.

पुढच्या अंकात गराजच्या दाराच्या स्प्रिंगविषयी. तोपर्यंत ती कोणी सोडवू नये.